कोर्स नणंदेच्या नावावर

मीनाच्या सासरी कुठलीच गोष्ट ती वापरणाऱ्याच्या नावावर नाही. गॅस सासूच्या नावावर, सिलिंडर लावायला मीना. विजेचा मीटर वारलेल्या आजेसासऱ्यांच्या नावावर, बिल भरायला मीना. तिच्या हातातल्या मोबाइलचं सिम नवऱ्याच्या, किशोरच्या नावावर; आणि किशोर बसलाय मुंबईत, एका कपड्यांच्या गोदामात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. एका चुलीवर शिजतं, एका पंगतीला जेवतात, कागदावर कोण आहे ते विचारतो कोण? हे आधीच सांगून ठेवायला हवं, कारण पुढे जे झालं ते ऐकून पोलादपूरच्या बाजारातली शहाणी माणसं म्हणाली, एवढी कशी खुळी ही बाई. खुळी नव्हती हो. घरात जे चालत आलं तेच तिनं केलं.

मीना माहेरची पोलादपूरची, बारावी पास. लग्न होऊन ती कुडपणच्या अलीकडे टेपावरच्या, म्हणजे डोंगराच्या सपाटीवरच्या वाडीत आली तेव्हा तिची नणंद वैशाली दहावीला होती आणि गणितात गटांगळ्या खात होती. गोठा आवरता आवरता मीनानं तिच्याकडून गणितं करून घेतली. पोरगी पास झाली. सासू, चंद्रभागा, वाडीभर सांगत फिरली, "माजी लेक हुशार हाय." त्यात सुनेचं नाव कुठे आलं नाही, आणि मीनाला त्याचं काही वाटलंही नाही. नणंद तिच्या गळ्यात पडून रडली होती, तेवढं तिला पुरलं होतं. पुढे आणखी शिकवून वैशाली महाडला दिली. जावई सुधीर दुकानदार, घरात वायफाय, दारात स्कूटर. वैशालीला तिथे खायला-प्यायला कमी नव्हतं, फक्त करायला काही नव्हतं. सासरचे लोक तिला येता-जाता ऐकवायचे, "एवढी शिकलीस, उपयोग काय?"

महाडची एक संस्था डोंगरातल्या वाड्यांवर मोठ्या माणसांचे साक्षरतेचे वर्ग चालवत असे. टेपावरच्या वाडीत वर्ग घ्यायला लिहिता-वाचता येणारी बाई म्हणजे मीनाच. मानधन नावापुरतं. पण दुपारचं जेवण उरकलं, गुरं रानात गेलेली असली, की देवळात सतरंजी टाकून बसायचं, हे तिला भारी आवडलं. पहिले काही महिने मात्र तिनं सगळी माती केली. खरं ते सांगायला काय हरकत आहे? तिला शिकवायचं म्हणजे शाळेत गुरुजी शिकवायचे तसंच ठाऊक. पाटी काढा, अ अननसाचा म्हणा, चुकलं की पुन्हा म्हणा. साठीच्या बाया अननसाचं चित्र बघून पदराआड हसायच्या. हळूहळू एकेक गळाली. विठाबाई म्हणून शेजारची म्हातारी होती, तिनं तोंडावर सांगितलं, "मीने, त्या अननसाचं मी काय करू गो? आमच्या रानात तो व्हत पन नाय."

तेवढ्यात संस्थेच्या ग्रुपवर निरोप आला. प्रौढांना शिकवणाऱ्यांसाठी ऑनलाइन कोर्स, अगदी स्वस्तातला, कुणालाही झेपेल असा. मीना तो निरोप वाचून हरखली. पण अटी दोन होत्या. कोर्स करणाऱ्याचा स्वतःचा वर्ग हवा, आणि दर शनिवारी थेट तासाला चेहरा दिसेल असं हजर राहायला हवं. वर्ग मीनाकडे होता. चेहरा दाखवायचा कसा? वाडीत साधा फोन लागायचा, पण नेटची रेंज म्हणजे वरच्या पाण्याच्या टाकीपाशी, तीही वारा कसा आहे त्यावर. तिथे निरोप यायचा-जायचा, पण चालता-बोलता माणूस दिसणं शक्य नव्हतं. मग मीनालाच युक्ती सुचली. हो, तिलाच सुचली, वैशालीवर तो आळ नको. तिनं नणंदेला फोन लावला.

"वैशू, तुझ्याकडे वायफाय हाय, माझ्याकडे बाया हायत. तुझ्या नावावर लावू कोर्स. शिकू दोघी."

"वहिनी, पण वर्ग तर तुझा आहे. तो माझा म्हणून सांगायचा?"

"तुझं माझं काय त्यात," मीना म्हणाली. संस्थेच्या वहीतही तिनं तसंच लिहून दिलं, की वैशाली माहेरी येऊन वर्ग घेते.

आणि खरंच ते छान चाललं. शनिवारी वैशाली महाडला लॅपटॉपसमोर बसायची, आणि रविवारी सकाळी मीना पाण्याचा हंडा घेऊन टाकीशी जायची, ते वैशालीनं पाठवलेलं ऐकायला. वैशाली मन लावून सांगायची. सांगताना मध्येच स्वतःच हसायची, कोर्सच्या बाईंची नक्कल करायची. मोठ्या माणसाला शिकवताना आधी विचारा, तुला वाचायचंय काय. मोठ्या माणसाला सगळ्यांसमोर चूक दाखवू नका, तो दुसऱ्या दिवशी येत नाही. शिकणाऱ्याच्या तोंडात आपले शब्द घालू नका. हंडा भरून वाहायला लागला तरी मीना ऐकत उभी राहायची. हे सगळं तिला आधी का नाही सुचलं, असं वाटून तिला स्वतःचीच गंमत वाटायची.

मग तिनं अननस गुंडाळून ठेवला. बायांना विचारलं, तुम्हाला काय वाचायचंय ते सांगा. विठाबाई म्हणाली, पोलादपूरच्या स्टँडवर गाडीची पाटी वाचायचीय. एकदा महाबळेश्वरच्या गाडीत बसून आंबेनळीचा घाट चढून आले, अख्खी गाडी हसली. दुसरीला गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव हवं होतं. आणि मागे खांबाला टेकून बसलेली चंद्रभागा, मीनाची सासू, जी सुनेकडून शिकायला लाज वाटते म्हणून नुसती बघायला यायची, ती हळूच म्हणाली, "माला मोबाइलमंदलं नाव वाचाया येवंदे. वैशूला फोन लावायचा तर दर टायमाला कुनाची तरी हनुवटी धरावी लागते."

सासूला शिकवणं म्हणजे काय ते सुनेनंच जाणावं. घरात भाकरी कशी थापायची यावर जी रोज बोट ठेवते, तिच्या हाताचं बोट धरून अक्षर गिरवायचं. मीना तिला आत्या म्हणायची. पहिले दिवस चंद्रभागा चिडायची, पुस्तक लांब धरून डोळे बारीक करायची. मीनाच्या लक्षात आलं, बाईला अक्षर येत नाही असं नाही, अक्षर दिसतच नाही. पुढच्या बाजाराला तिनं पोलादपूरहून जवळचं बघायचा तयार चष्मा आणला. चंद्रभागानं तो लावला, आपल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाली, "या बया, एवढ्या रेघा हायत व्हय माज्या हाताला." त्या आठवड्यात तिनं मोबाइलमध्ये लेकीचं नाव शोधून स्वतः फोन लावला. तिकडून वैशाली म्हणाली, "वहिनी, बोल." चंद्रभागा म्हणाली, "वयनी नाय, मी हाय." आणि दोघी एकदमच रडायला लागल्या. मीना शेजारी उभी होती. तिचेही डोळे भरून आले. आपण काहीतरी करू शकतो, असं लग्नानंतर तिला पहिल्यांदाच वाटलं.

हे सगळं ती शूटिंग करून, पोलादपूरच्या बाजाराला गेली की पाठवायची आणि वैशाली ते कोर्सला द्यायची. मीना कॅमेरा धरणारी, त्यामुळे ती स्वतः त्यात कुठे दिसायची नाही. फक्त तिचा आवाज मागून यायचा. वैशालीनं एकदा सांगितलं, "वहिनी, आवाज काढून टाकते आणि माझा घालते, नाहीतर बाईंना कळेल." मीना म्हणाली, घाल की.

कोर्स शिमग्याच्या आसपास संपला. वैशाली पहिली आली. कोर्सच्या बाईंनी तिच्या वर्गाचं शूटिंग सगळ्यांना दाखवलं, म्हणे असा वर्ग कुठे बघितला नाही. वैशाली फोनवर नुसती ओरडत होती, "वहिनी, आपण जिंकलो." मीनानं त्या दिवशी तांदळाची खीर केली. कारण विचारलं तर सासूला म्हणाली, असंच.

त्यानंतर वैशालीचे फोन कमी झाले. मीनाला वाटलं, सासरी काम असेल. मग एके दिवशी मुंबईहून किशोरचा फोन आला. "काय गं, वैशूला नोकरी लागली ना संस्थेत? सुधीरनं आम्हाला इकडे मिठाई पाठवली. तुम्हाला पोचली का?" टेपावरच्या वाडीतली बातमी मुंबईला जाऊन वाडीत परत येते, हे तर नेहमीचंच. पण ही बातमी ऐकून मीना पायरीवर खाली बसली. तिनं नणंदेला फोन लावला. बराच वेळ वाजला.

"मी सांगणारच होते गं," वैशाली म्हणाली. "संस्थेच्या दत्ताराम सरांनी स्वतः बोलावलं. प्रशिक्षक म्हणून. मी नाही कसं म्हणू? घरी सगळे किती खूश आहेत, तुला माहीत नाही. पहिल्यांदा सासूबाई माझ्याशी नीट बोलल्या."

"बरं झालं की," मीना म्हणाली. "सरांना सांगितलंस ना, वर्ग कुणाचा ते?"

"सांगते. जरा बूड टेकू दे. मग तुलाही घेतील."

मीनानं विश्वास ठेवला. तिला दुसरं काही येतच नव्हतं. ज्या पोरीच्या वेण्या घातल्या ती आपल्याला फसवील, हा विचार मनात यायलासुद्धा माणूस वेगळ्या मातीचं लागतं. ती फक्त वाट बघत राहिली, की आज सांगेल, उद्या सांगेल.

वैशालीनं सांगितलं नाही. उलट संस्थेनंच कळवलं की यापुढे कोर्स केलेल्या शिक्षकांचेच वर्ग चालू राहतील, बाकीचे बंद. दत्ताराम सर प्रत्येक वाडीवर येऊन बायांशी बोलतील आणि ठरवतील. वर्ग गेला तर? विठाबाई नुकती पाटी वाचायला लागली होती. सासूला अजून जोडाक्षरं यायची होती. आणि मीनाला स्वतःला? दुपारी त्या सतरंजीवर बसलं की ती कुणाची सून नसायची, कुणाची बायको नसायची. बाया तिला बाई म्हणायच्या. ते गेलं तर मागे काय उरणार, हे तिला नीट ठाऊक होतं.

पण तिला एक खात्री होती. सर बायांना विचारणार, आणि बाया खरं सांगणार. त्यात काय लपण्यासारखं होतं? रोज दुपारी देवळात कोण बसतं ते वाडीतल्या कुत्र्यालाही ठाऊक. आदल्या दिवशी विठाबाईनं विचारलंही, "मीने, सायबानं काय इचारलं तर काय सांगायचं?" मीना म्हणाली, "जे हाय ते सांगा." यापेक्षा जास्त ती बोलली नाही. कोर्समध्ये शिकली होती ना, दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. तिनं ते धरून ठेवलं. ज्यांच्या नावावर कोर्स होता त्यांनी धरलं नाही, एवढाच फरक.

सर जीपमधून आले. शेजारी वैशाली, नवी साडी, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. वाडीची लेक साहेबीण होऊन आली म्हणून बायांनी तिला घेरलं, कुणी गालावरून हात फिरवला, कुणी दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली. वैशाली मीनाकडे बघून हसली आणि सरळ आईपाशी गेली. मीना सतरंजी घालत होती.

दत्ताराम सर साधा माणूस, आवाज मऊ. त्यांनी विठाबाईला पेपरचा मथळा वाचायला दिला. तिनं अडखळत का होईना, वाचला. सर खूश झाले. मग सगळ्यांकडे बघून त्यांनी विचारलं, "छान. हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

बायांनी एकमेकींकडे बघितलं. मीना खांबाशी उभी होती. तिला उगाच लाज वाटली, आता आपलं नाव घेणार म्हणून. ती खाली बघू लागली. आणि पहिल्या रांगेतून चंद्रभागाचा आवाज आला, ठसठशीत, वाडीच्या बैठकीत बोलायची तसा.

"माज्या लेकीनं शिकवलं. या वैशालीनं."

मीनाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं वर बघितलं. सासू तिच्याकडे बघत नव्हती. वैशाली ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होती.

"सर, वर्ग मी घेते," मीना म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा लहान निघाला. "रोज मीच घेते. कोर्स तिच्या नावावर हाय, पण वर्ग माझा हाय."

वैशाली पटकन म्हणाली, "वहिनी खूप मदत करतात, सर. बायांना बोलावणं, सतरंजी घालणं, सगळं त्याच बघतात."

सरांना कळेना. त्यांनी पुन्हा बायांना विचारलं, "काय हो, नक्की काय आहे? मोकळेपणानं सांगा." आता खरं बोलायची वेळ विठाबाईवर आली होती. पण विठाबाई चंद्रभागाच्या भावकीतली. चंद्रभागा एकदा बोलल्यावर तिच्याविरुद्ध, तेही तिच्या लेकीविरुद्ध, परक्या माणसासमोर कोण बोलणार? लेक वाडीत जन्मलेली, सून बाहेरून आलेली. विठाबाईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "चंद्रभागा बोलली तसंच." ज्यांची बोटं धरून तिनं अक्षरं गिरवली, त्या सगळ्या सतरंजीकडे बघत बसल्या.

"ठीक आहे," सर म्हणाले. त्यांना जायची घाई होती, पुढे अजून वाड्या होत्या. "मग प्रश्नच मिटला. वैशाली मॅडम आता पोलादपूर केंद्रावर बसतील. इथे प्रशिक्षित शिक्षक कुणी नाही, तर हा वर्ग तिकडे जोडू. तुम्ही आठवड्यातून एकदा पोलादपूरला यायचं."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. आपण काय बोललो त्याचा अर्थ त्यांना तेव्हा लागला. विठाबाई पुटपुटली, "गुरं सोडून पोलादपूरला कोन जानार गो?" पण सर उठले होते.

जीप निघायच्या आधी वैशाली घरात आली. माहेरी आलेल्या लेकीला तसंच कसं पाठवायचं? चंद्रभागानं सुनेला हाक मारली, "मीने, लेकीची ओटी भर. तांदूळ, खन, नारळ घे." मीना चुलीपाशी होती. ती उठली नाही.

"तांदूळ डब्यात हायत, आत्या. तुम्हीच भरा."

घरात असं कधी कुणी बोललं नव्हतं. वैशाली जवळ आली. "वहिनी, समजून घे ना. माझी नोकरी गेली असती. सरांना कळलं असतं तर खोटं सर्टिफिकेट म्हणून माझी बदनामी झाली असती. तुझं काय गं, तू तर इथेच आहेस." मीनानं तिच्याकडे बघितलं. तिला त्या पोरीच्या कानाखाली द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी तिचा चुरगळलेला पदर सारखा करावासाही वाटला. दोन्ही केलं नाही. "जीप थांबलीय," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीत नेहमीसारखं सामसूम झालं. मीना मागच्या पडवीत नाचणी पाखडत बसली. देवळाकडून बायांचा आवाज येत होता. सवयीनं जमल्या होत्या त्या, किंवा अपराधी वाटत असेल म्हणून. थोड्या वेळानं चंद्रभागा पडवीच्या दारात येऊन उभी राहिली.

"चल गो. बाया बसल्यात."

मीना पाखडत राहिली.

"संस्था गेली उडत," चंद्रभागा म्हणाली. "तू शिकीव. आमी येतो रोज."

"तुमची बाई महाडला राहते, आत्या."

चंद्रभागा दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. "काल सकाळी तुज्या मोबाइलवर फोन आला व्हता तिचा, तू गोठ्यात व्हतीस. रडत व्हती. आये, तू नाय बोललीस तर माझं घर मोडंल बोलली. वयनीचं काय जायचं नाय बोलली. माला काय म्हाईत वर्ग बंद व्हनार." तिचा आवाज खाली आला. "लेक हाय गो ती माजी. मी काय करनार व्हते?"

"मला सांगायचं होतं," मीना म्हणाली. "काल सकाळी फोन आला तेव्हाच. मी गप्प बसले असते. तुमच्यासाठी बसले असते. पण तुम्ही मला खांबाशी उभी ठेवलीत आणि सगळ्यांसमोर बोललात." सूप तिच्या हातात थांबलं होतं. तिला रडायचं नव्हतं, तरी रडू येत होतं, आणि सासूसमोर ते येतंय याचा तिला संताप येत होता.

"मग आता काय करतेस? न्हाय बोलनार माज्याशी?"

"बोलीन की. मी कुठं जाणार? जेवायला वाढीन, गुरांचं बघीन, तुमच्या गुडघ्याला तेल लावीन. वैशू येईल तेव्हा तिला चहापण देईन." मीनानं सूप पुन्हा हातात घेतलं. "पण शिकवणार नाय, आत्या. तेवढं एक माझं स्वतःचं होतं. ते आता मी कुणाला देणार नाय."

चंद्रभागा उठली नाही. देवळाकडचा आवाज बराच वेळ येत राहिला, मग कमी झाला. बाया एकेक करून गुरं आणायला निघून गेल्या.